एका पेटीतले सॉफ्टवेअर : चालवावे कसे आणि जपावे काय?

भिवंडीचा यंत्रमागवाला असो, मालेगावचा साडीचा व्यापारी असो, मिरजेचा तंतुवाद्यांचा कारागीर असो की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवरचा अत्तरवाला असो, हिशेबासाठी संगणक किंवा मोबाइल आता जवळजवळ प्रत्येकाच्या गाळ्यात येऊन बसला आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून तर ज्यांनी आयुष्यभर लाल बासनातली चोपडीच वापरली, त्यांनाही तो टाळता येईनासा झाला. कर सल्लागार एक फाइल पाठवतो आणि सांगतो, "ही चालवा, विवरणपत्र तयार होईल." बिलाचे सॉफ्टवेअर करून देणारा मुलगा पेन ड्राइव्हवर एकच फाइल देतो आणि म्हणतो, "चाचा, सगळं यातच आहे." व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी अनोळखी माणूस फाइल धाडतो आणि लिहितो, "एकदा दाबा, अ‍ॅप सुरू होईल."

या तिन्ही फाइली वरून वेगळ्या दिसतात. आतून मात्र त्या बहुधा एकाच जातीच्या असतात. अनेक लहानमोठ्या फाइली एकत्र बांधून केलेली ती एक बंद पेटी असते. ही पेटी कशी बांधतात, न उघडता ती चालते कशी, तिच्यात काय असते आणि काय नसते, हे ज्याला ठाऊक नाही त्याचे दोन प्रकारे नुकसान होऊ शकते. एकतर वर्षाचा हिशेब गहाळ होतो, नाहीतर बँकेतले खाते रिकामे होते. म्हणून या अंकात आम्ही हा विषय घेतला आहे. संगणकाचे शिक्षण न घेतलेल्या वाचकांनाही तो समजावा अशा रीतीने आम्ही तो मांडणार आहोत.

गासडी आणि तिच्यातली यादी

सॉफ्टवेअर ही एकच वस्तू नसते. बिल बनवण्याचे साधे सॉफ्टवेअर घेतले तरी त्यात शेकडो फाइली असतात. काहींत संगणकाला द्यायच्या आज्ञा असतात, काहींत पडद्यावरची चित्रे, काहींत अक्षरांचे वळण, तर काहींत कराचे दर असतात. हे सगळे सुटे सुटे दिले तर एखादी फाइल वाटेत राहून जाते आणि सॉफ्टवेअर अडते. कापडाचे तागे सुटे पाठवले तर ट्रान्सपोर्टमध्ये एखादा हरवतोच. म्हणून आपण गासडी बांधतो, आत कोणता माल आहे त्याची चिठ्ठी लावतो आणि एका बिल्टीवर रवाना करतो. संगणकातही हेच करतात.

आज जगभर सर्वांत जास्त वापरली जाणारी अशी गासडी म्हणजे झिप फाइल होय. १९८९ साली अमेरिकेतील फिल कॅट्झ या प्रोग्रामरने आपल्या पीकेवेअर कंपनीतर्फे ती आणली. गासडी बांधण्याची रीत त्याने गुपित ठेवली नाही. ती जाहीर केली आणि कुणालाही तशी फाइल बांधता यावी असे केले. त्यामुळेच ही रीत सगळीकडे पसरली. कॅट्झ २००० साली वारला, परंतु बहुतेक झिप फाइलींच्या अगदी सुरुवातीला त्याच्या नावाची पी आणि के ही दोन अक्षरे आजही सापडतात.

या गासडीचे तीन गुण लक्षात ठेवण्यासारखे आहेत. पहिला गुण असा की माल दाबून बसवला जातो. आपल्या बिलांच्या फाइलीत "भिवंडी" हा शब्द हजार वेळा आला असेल, तर झिप तो हजार वेळा पूर्ण लिहीत नाही. एकदा लिहून पुढे "मागचाच शब्द पुन्हा" अशी खूण करते. त्यामुळे अक्षरांच्या आणि आकड्यांच्या फाइली बऱ्याच लहान होतात. फोटो मात्र आधीच दाबलेले असतात, म्हणून ते झिपमध्ये घालून फारसे लहान होत नाहीत.

दुसरा गुण म्हणजे गासडीतली यादी. आपली चिठ्ठी गासडीच्या वर असते, झिपची यादी फाइलीच्या शेवटी असते. कोणती फाइल आत आहे आणि ती कितव्या जागेपासून सुरू होते, हे सारे त्या यादीत नोंदलेले असते. म्हणून संगणक थेट शेवटी जातो, यादी वाचतो आणि हवा असलेला तेवढाच तागा उपसून काढतो. बाकीच्या मालाला हात लावावा लागत नाही. न उघडता सॉफ्टवेअर चालवण्याची सगळी करामत या एका गोष्टीवर उभी आहे.

तिसरा गुण वजनाचा. आत ठेवलेल्या प्रत्येक फाइलीचा एक पडताळणीचा आकडा नोंदलेला असतो. माल बाहेर काढताना संगणक तो आकडा पुन्हा काढतो. वाटेत काही बिघडले असेल तर दोन आकडे जुळत नाहीत आणि फाइल खराब असल्याचा इशारा मिळतो. परंतु इथे एक सावधगिरी हवी. ज्याने मुद्दाम माल बदलला तो नवे वजनही लिहू शकतो. म्हणजे हा आकडा अपघात पकडतो, लबाडी पकडत नाही. लबाडी पकडण्यासाठी शिक्का लागतो. त्याविषयी पुढे येईलच.

उघडून चालवायची पेटी आणि बंदच चालणारी पेटी

साधी झिप ही फक्त वाहतुकीची गासडी आहे. माल वापरायचा तर आधी ती सोडावी लागते. जीएसटीचे विवरणपत्र भरण्यासाठी सरकारी पोर्टलवरून उतरवून घ्यायचे ऑफलाइन टूल झिप फाइलीतच मिळते आणि ते आधी सोडून मगच बसवायचे असते. परंतु विंडोजमध्ये झिपवर डबल क्लिक केले की ती साध्या फोल्डरसारखी उघडलेली दिसते. माणसाला वाटते गासडी सुटली. प्रत्यक्षात आपण फक्त यादी पाहत असतो. तिथूनच एखादी फाइल चालवली तर विंडोज तेवढीच फाइल तात्पुरत्या जागी काढून चालवते. तिच्या सोबतच्या फाइली मागे राहतात आणि सॉफ्टवेअर "अमुक फाइल सापडत नाही" असे म्हणून बंद पडते. याहून वाईट म्हणजे कधी ते चालते, आपण तासभर बसून आकडे भरतो, आणि ते आकडे त्या तात्पुरत्या जागी साठतात. ती जागा पुढे साफ होते आणि भरलेले आकडे जातात. म्हणून झिप आली की तिच्यावर उजवे बटण दाबून "एक्स्ट्रॅक्ट ऑल" करावे, आपल्या ठरलेल्या फोल्डरात सगळा माल काढावा आणि मगच कामाला बसावे.

दुसऱ्या जातीची पेटी मात्र बंदच चालते. तिचा सर्वांत जुना आणि पसरलेला नमुना म्हणजे जावाची जार फाइल. अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९९५ साली जावा ही संगणकाची भाषा जाहीर केली. १९९७ च्या सुरुवातीला आलेल्या तिच्या १.१ या आवृत्तीबरोबर जार फाइल आली, आणि डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या १.२ या आवृत्तीपासून अशी फाइल एका आज्ञेने थेट चालवता येऊ लागली. २०१० साली ओरॅकल कंपनीने सन विकत घेतली आणि जावा तिच्याकडे गेली.

जार म्हणजे मुळात झिपच. फरक एका चिठ्ठीचा. जारमध्ये मेटा-इन्फ नावाचे एक फोल्डर असते आणि त्यात मॅनिफेस्ट नावाची एक साधी अक्षरी फाइल असते. जहाजावरच्या मालाच्या यादीलाही मॅनिफेस्टच म्हणतात, हे बंदरावर काम केलेल्या बांधवांना ठाऊक असेल. या चिठ्ठीत एक ओळ महत्त्वाची असते. पेटीतल्या शेकडो फाइलींपैकी सुरुवात कोणत्या फाइलीपासून करायची, तिचे नाव त्या ओळीत लिहिलेले असते. आपण जारवर डबल क्लिक केले की जावा पेटीच्या शेवटची यादी वाचते, तिच्यावरून मॅनिफेस्ट शोधते, सुरुवातीच्या फाइलीचे नाव घेते, ती फाइल मेमरीत काढते आणि कामाला लागते. पुढे जसजशी गरज पडेल तसतशी एकेक फाइल ती उपसत जाते. डिस्कवर पेटी कधीच सोडली जात नाही. गुदामातली गासडी जागच्या जागी ठेवून गिऱ्हाइकाने मागितलेला तेवढाच तागा काढून द्यावा, तसाच हा प्रकार आहे.

याची खात्री ज्यांना करून घ्यायची असेल त्यांनी एखाद्या जार फाइलीची नक्कल करावी, नकलेच्या नावातील शेवटचा "जार" काढून "झिप" लिहावे आणि उघडून पाहावे. आतला सगळा माल आणि ती चिठ्ठी डोळ्यांना दिसेल. मूळ फाइलीला मात्र हात लावू नये.

आपल्या कामात ही पेटी नवी नाही. टीडीएसचे विवरणपत्र तयार करण्याचे आणि ते तपासण्याचे सॉफ्टवेअर जावावर चालणारे आहे आणि त्यात जार फाइली असतात. आयकर विवरणपत्रासाठीही खात्याने कित्येक वर्षे जावावरचे साधन दिले होते. २०२१ साली त्याची जागा वेगळ्या साधनाने घेतली. इतर भाषांनीही हीच रीत उचलली. पायथॉन भाषेत २००८ सालच्या २.६ या आवृत्तीपासून झिप फाइल न सोडता चालवता येते. एवढेच काय, २००७ च्या ऑफिसपासून एक्सेलच्या आणि वर्डच्या नव्या धर्तीच्या फाइलीही आतून झिपच आहेत. आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनवर बसणारे प्रत्येक अ‍ॅप ज्या एपीके फाइलीतून येते, तीही झिपच्याच रीतीने बांधलेली पेटी आहे.

एक नेहमीची तक्रार येथेच निकालात काढतो. जारवर डबल क्लिक केले की ती चालण्याऐवजी गासडीसारखी उघडते, असे अनेकांच्या बाबतीत घडते. यात फाइलीचा दोष नसतो. संगणकावर झिप सोडण्याचे जे सॉफ्टवेअर बसवलेले असते, त्याने "जार फाइली मीच उघडीन" असा हक्क सांगितलेला असतो. अशा वेळी पेटी सोडत बसू नये. उजवे बटण दाबून "ओपन विथ" निवडावे आणि तिथे जावा निवडावी.

पेटीत इंजिन नसते

एकच फाइल, सगळे तिच्यातच, हे बोलणे अर्धेच खरे आहे. जारमध्ये सॉफ्टवेअर असते, पण ते चालवणारी जावा बहुधा नसते. मागाचे सुटे भाग पेटीत आले, मोटर आपल्याकडची वापरायची, तसा हा मामला आहे. ज्या संगणकावर जावा नाही तिथे जार निर्जीव पडून राहते. जावा असली पण जुनी असली तरी नव्या आवृत्तीसाठी बनवलेली जार चालत नाही. म्हणून सॉफ्टवेअर घेतानाच "याला कोणत्या आवृत्तीची जावा लागते?" हे विचारून लिहून घ्यावे.

यात पैशाचाही एक मुद्दा आहे. जावा मोफत आहे असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. परंतु एप्रिल २०१९ पासून ओरॅकलने आपल्या जावा ८ च्या नव्या सुधारणांसाठी परवान्याच्या अटी बदलल्या. घरगुती वापर मोफत राहिला, धंद्यातल्या वापरासाठी मात्र शुल्काचा परवाना लागू झाला. याला हलाल आणि बिनखर्चाचा मार्ग आहे. ओपनजेडीके या नावाने जावाची खुली आवृत्ती उपलब्ध आहे, आणि तिच्यापासून अनेक संस्थांनी बनवलेल्या आवृत्त्या धंद्यातही मोफत वापरता येतात. ज्यांना ही यातायातच नको, त्यांनी आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला जावासकट बांधून द्यायला सांगावे. २०२१ सालच्या जावा १६ पासून त्यासाठीचे साधन जावाबरोबरच पक्के मिळू लागले आहे. फाइल मोठी होते, पण गिऱ्हाइकाला वेगळी जावा बसवावी लागत नाही.

वही पेटीत नसते

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. "चाचा, सगळं यातच आहे" असे म्हणून दिलेल्या त्या एका फाइलीत आपला हिशेब नसतो. सॉफ्टवेअर असते, वही नसते.

याचे कारण सरळ आहे. बंद पेटी चालत असताना सॉफ्टवेअर तिच्यातून माल वाचते, पण सहसा तिच्यात काही लिहीत नाही. चालत्या पेटीत फेरफार केला तर यादी आणि माल यांचा मेळ बिघडण्याची भीती असते, आणि पेटीवर शिक्का असेल तर तो मोडतो. म्हणून आपण टाकलेली बिले, उधारी, साठा हे सारे पेटीबाहेर वेगळ्या फाइलीत जाते. कधी ती फाइल पेटीच्या शेजारीच असते, कधी विंडोजमधल्या आपल्या नावाच्या फोल्डरात खोलवर कुठेतरी, कधी दुसऱ्याच संगणकावर किंवा इंटरनेटवर.

समजा, एखाद्या दुकानदाराने दर शुक्रवारी नियमाने ती एक जार फाइल पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली आणि आपला हिशेब जपला गेला असे मानले. एके दिवशी संगणक जळाला. नव्या संगणकावर त्याने पेन ड्राइव्ह लावला, सॉफ्टवेअर झटक्यात सुरू झाले, आणि आत एकही गिऱ्हाइक नाही, एकही उधारी नाही. त्याने वर्षभर रिकाम्या पेटीची नक्कल जपली होती. नेम चांगला होता, वस्तू चुकली.

आपल्या दीनमध्ये लेखी हिशेबाला किती महत्त्व आहे हे वाचकांना सांगायला नको. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, आणि ती कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत आहे. उधारीची नोंद ही केवळ आपली मालमत्ता नव्हे, ती समोरच्याच्या हक्काची अमानतही आहे. आपण कुणाचे किती देणे लागतो हेच पुसले गेले तर अल्लाहपुढे जबाब काय देणार? दुनियेच्या कायद्याचेही तेच सांगणे आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. संगणक जळाला ही सबब तिथे कितपत चालेल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना देणाऱ्याला तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर घ्यावीत. माझ्या हिशेबाची फाइल कोणत्या फोल्डरात, कोणत्या नावाने राहते? तिची नक्कल कशी काढायची? आणि ती नक्कल दुसऱ्या संगणकावर लावून हिशेब परत कसा आणायचा? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर फक्त ऐकून सोडू नये. एकदा समोर बसवून करून घ्यावे. जी नक्कल परत लावून पाहिलेली नाही ती नक्कल असूनही नसल्यासारखी आहे. अशा दोन नकला ठेवाव्यात, एक दुकानात आणि एक घरी.

पेटी आणि वही वेगळी असण्याचा फायदाही मोठा आहे. कराचे दर बदलले, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली, तर फक्त पेटी बदलायची. वही जागच्या जागी राहते. तरीही बदलण्यापूर्वी वहीची ताजी नक्कल काढावी आणि जुनी पेटी फेकून न देता नावात तारीख घालून बाजूला ठेवावी. नव्या पेटीने वही उघडली नाही तर परत फिरायची वाट उरते.

शिक्का कुणाचा?

बंद पेटी हाती आली की शहाणा व्यापारी आधी सील पाहतो. संगणकाच्या पेटीवरही असे सील लावता येते. त्याला डिजिटल सही म्हणतात. जारवर सही करताना आतल्या प्रत्येक फाइलीचा एक ठसा काढून मॅनिफेस्टच्या चिठ्ठीत नोंदतात, आणि त्या नोंदीवर बनवणारा आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. आतल्या फाइलीतले एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही. मघाशी सांगितलेले वजन कुणीही नव्याने लिहू शकतो. ही सही मात्र किल्ली हाती असल्याशिवाय करता येत नाही. परंतु जारच्या बाबतीत ही सही ऐच्छिक आहे. सही नसलेली जारही डबल क्लिक करताच निमूटपणे चालते. म्हणून जार नेहमी मूळ ठिकाणाहून, म्हणजे सरकारी पोर्टलवरून किंवा ओळखीच्या सॉफ्टवेअरवाल्याकडूनच घ्यावी. ईमेलवर आलेल्या "बिला"चे नाव नीट पाहावे. विंडोज सहसा फाइलीच्या नावाचा शेवटचा तुकडा लपवते. त्यामुळे "बिल डॉट पीडीएफ डॉट जार" हे नाव नुसते "बिल डॉट पीडीएफ" असे दिसते. लबाड लोक याचाच फायदा घेतात. अ‍ॅडविंड नावाचे, संगणकाचा ताबा घेणारे घातक सॉफ्टवेअर अशाच जार फाइलींतून ईमेलने पसरवले गेले होते. विंडोजच्या फोल्डराच्या "व्ह्यू" मध्ये जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" ही खूण चालू करून ठेवावी, म्हणजे पूर्ण नाव दिसेल.

अँड्रॉइडच्या एपीके पेटीला सही सक्तीची आहे. सही नसेल तर फोन ती बसवूनच घेत नाही. २०१६ सालच्या अँड्रॉइड ७ पासून तर सगळ्या पेटीवर एकत्र सही करण्याची पद्धत आली. हे ऐकून कुणी निर्धास्त होईल, तर तसे होऊ नये. अँड्रॉइडमध्ये शिक्का कुणीही स्वतःचा स्वतः पाडून घेऊ शकतो. तो शिक्का एवढेच सांगतो की पेटी बांधल्यावर कुणी फोडलेली नाही, आणि पुढची सुधारित पेटीही त्याच हाताने बांधलेली आहे. तो हात प्रामाणिक आहे की चोराचा, हे शिक्का सांगत नाही.

याच फटीतून ठग घुसले आहेत. २०२४ साली व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या नावाखाली एपीके फाइली धाडून लुबाडण्याचे प्रकार पुढे आले आणि पोलिसांनी त्याबद्दल लोकांना सावध केले. वाहतुकीच्या दंडाच्या नावानेही अशाच फाइली फिरवल्या गेल्या. अशी फाइल दाबली की फोन "अनोळखी ठिकाणचे अ‍ॅप बसवायचे का?" असे विचारतो. माणूस घाईत हो म्हणतो. मग ते अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी थेट चोराच्या हाती पडतो. निकाहचा दावतनामा हा कागद असतो, चित्र असते किंवा पीडीएफ असते. तो बघायला अ‍ॅप बसवावे लागत नाही. ज्या पत्रिकेच्या नावाच्या शेवटी "एपीके" आहे ती पत्रिका नव्हे, हे घरातल्या बुजुर्गांना आणि मुलांना आजच सांगून ठेवावे. ओळखीच्या नंबरावरून आली तरी भरवसा ठेवू नये, कारण त्या बिचाऱ्याचा फोनही चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

चुकून बसवलेच तर लगेच फोनचे इंटरनेट बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते थांबवावे आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा. सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते, म्हणून लाजेने गप्प बसू नये.

बंद पेटीतला लपलेला दोष

प्रामाणिक हाताने बांधलेल्या पेटीतही दोष असू शकतो, हे डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या जगाने पाहिले. लॉग-फोर-जे नावाचा जावाचा एक मोफत सुटा भाग आहे. सॉफ्टवेअरमध्ये काय काय घडले याची नोंद ठेवणे एवढेच त्याचे काम. तो हजारो सॉफ्टवेअरांत वापरलेला होता. त्यात असे छिद्र निघाले की बाहेरच्या माणसाने एक विशिष्ट ओळ पाठवली तर तो दूर बसून संगणकावर आपल्या आज्ञा चालवू शकेल. धोक्याच्या मोजपट्टीवर या छिद्राला १० पैकी १० गुण दिले गेले.

दुरुस्त भाग लवकरच निघाला. अडचण वेगळीच होती. सोयीसाठी अनेकांनी आपले सॉफ्टवेअर आणि असे सगळे सुटे भाग एकाच मोठ्या जारमध्ये बांधले होते, कधी पेटीच्या आत पेटी. त्यामुळे आपल्याकडच्या कोणत्या पेटीत तो सदोष भाग आहे, हेच कित्येक कंपन्यांना ठाऊक नव्हते. शेवटी एकेक पेटी उघडून शोधावी लागली. ज्यांना नवा भाग लगेच बसवता येत नव्हता त्यांच्यासाठी बनवणाऱ्यांनीच एक तात्पुरता उपाय सांगितला होता. झिपच्या साध्या साधनाने त्या जारमधून दोषी फाइल तेवढी काढून टाकायची. जार ही आतून झिपच आहे, याचा याहून मोठा दाखला कोणता हवा?

यातून दोन्ही बाजूंनी धडा घेण्यासारखा आहे. गिऱ्हाइकाने समजून घ्यावे की "एकदा घेतले, आता दहा वर्षे बघायला नको" हे सॉफ्टवेअरच्या बाबतीत चालत नाही. पेटी मधूनमधून नवी घ्यावी लागते, आणि ती देण्याची जबाबदारी कुणाची व किती वर्षांची, हे व्यवहार ठरतानाच ठरवावे. आपल्या समाजातली जी मुले आज दुकानांसाठी आणि कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवून रोजी कमावत आहेत, त्यांना आमचे सांगणे असे की पेटीबरोबर मालाची यादीही द्या. आत कोणते सुटे भाग आहेत, त्यांची कोणती आवृत्ती आहे, कोणती जावा लागते, हिशेबाची फाइल कुठे राहते, हे एका कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती ठेवा. मालातला ऐब सांगून विकावा हा आपल्या व्यापाराचा जुना दंडक आहे. कापडाचा विणीतला दोष गिऱ्हाइकाला हाताने कळतो. बंद पेटीतला दोष त्याला कधीच दिसत नाही, म्हणून सांगणाऱ्याची जबाबदारी इथे अधिक आहे.

थोडक्यात

साधी झिप आली तर आधी सोडावी, मग वापरावी. जार आली तर सोडू नये, जावाने चालवावी. एपीके व्हॉट्सअ‍ॅपवर आली तर दाबूच नये. अ‍ॅप हवे असेल तर फोनमधल्या प्ले स्टोअरमधूनच घ्यावे. पेटी कुणाकडून आली हे प्रत्येक वेळी पाहावे. आणि पेटी कितीही मजबूत असली तरी वही तिच्याबाहेर आहे हे विसरू नये. सॉफ्टवेअर उद्या पुन्हा मिळेल, गेलेला हिशेब कुणीही परत देऊ शकणार नाही.

ज्यांनी अद्याप आपल्या हिशेबाची फाइल कुठे आहे हे विचारलेले नाही, त्यांनी हा अंक खाली ठेवताच आपल्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावावा. अल्लाह आपल्या सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि आपल्याला अमानती जपण्याची तौफीक देवो.